कडेची ओळ

ह्या मननाला अंबाडीचं एक झाड पुरेसं आहे. समोर असेल तर उत्तम, नसेल तर आठवणीतलं घ्या. बाजारातली जुडी नको. मुळावर उभं असलेलं झाड हवं, श्रावणाच्या अखेरीचं, तुमच्या खांद्याला आलेलं. ज्वारीच्या धुऱ्यावर ते उभं आहे, पाऊस नुकताच थांबलाय, आणि तुम्हाला कुठंही जायचं नाही. चपला काढून ठेवा. काळ्या मातीत पाय जरासा रुतू द्या.

आधी नुसतं बघा. बुंध्याकडची पानं अखंड आहेत, बदामी आकाराची. नजर हळूहळू वर न्या. मधेच कुठंतरी पानाला खाच पडते, मग तीन पाती होतात, मग पाच. एकाच दांड्यावर दोन तऱ्हेची पानं. सगळ्याच अंबाडीत असं होत नाही. काही वाणांची पानं शेंड्यापर्यंत अखंडच राहतात, आणि वाण ओळखणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथंच जाते. आता एक पान उलटं करा. मधल्या शिरेवर, देठाच्या जवळ, एक बारीक फुगीर ठिपका आहे. त्यातून गोडसर रस पाझरतो. एखादी मुंगी तिथं आलेली असेल. तिला तिचं काम करू द्या.

ते पान तोडून दाताखाली धरा. आंबट लागलं की आपली ओळख पटली. अंबाडी ह्या एका नावाखाली आपल्याकडे दोन प्रजाती नांदतात. दोघी जास्वंदीच्या सख्ख्या बहिणी. एकीची बोंडं लाल, मांसल. त्यांची चटणी होते, सरबत होतं. दुसरीची बोंडं बोचरी, केसाळ, तोंडात घालण्यासारखी नाहीत. तिचा मान पानाचा आणि सालीचा. जग तिला केनाफ म्हणतं. इंग्रजांच्या बाजारात तिची नावं होती डेक्कन हेम्प आणि बॉम्बे हेम्प, म्हणजे आपल्याच मुलखाची नावं तिला चिकटली होती. आज आपण हिच्याच शेजारी उभे आहोत.

आता दांडा. बोट खालून वर फिरवा, अगदी सावकाश. बारीक काटे लागतील, कुसळासारखे. पुष्कळ वाणांना ते असतात, थोड्यांना नसतात. दिवसभर भारे वाहणाऱ्या बाईच्या दंडावर ह्या फरकाचा हिशेब उमटलेला असतो. मग बुंध्याशी नखानं साल उचकटा आणि वर ओढा. ती तुटत नाही. पट्टीसारखी सोलत जाते, शेंड्यापर्यंत. खाली उघडी पडते पांढरी, हलकी, गुळगुळीत काडी. सालीची पट्टी दोन्ही हातांत धरून ताणून पाहा. बोटं लाल होतील, ती तुटणार नाही.

तुमच्या एका हातात पान आहे, दुसऱ्यात साल, आणि समोर उघडी काडी. जरा वेळ ह्या तिघांजवळ थांबा.

आता एकच प्रश्न मनात धरा आणि उत्तराची घाई करू नका. हे झाड चांगलं आहे का?

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना ह्या प्रश्नाचं उत्तर काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. एका प्रक्षेत्रावर अंबाडीच्या वाणांची चाचणी लागली होती. दोन ओळींत तीस सेंटिमीटर अंतर, दोन झाडांत दहा. प्रत्येक वाण तीन वेळा, तीन वेगळ्या ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या वाफ्यांत. हातात टेप, खिशात वही, झाडाखाली तराजू. उंची मोजायची, बुंध्याचा घेर मोजायचा, पानं वेगळी करून तोलायची, काड्या वेगळ्या तोलायच्या. आणि पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, की वाफ्याच्या कडेच्या ओळी मोजायच्या नाहीत. त्या कापून बाजूला टाकायच्या, आतलंच मोजायचं.

ह्या नियमाला कारण आहे, आणि ते पक्कं आहे. कडेच्या झाडाला एका बाजूनं मोकळा उजेड मिळतो, वारा मिळतो, मुळांना पसरायला जास्तीची माती मिळते. ते आतल्या झाडापेक्षा जोमानं वाढतं. त्याचं वजन हिशेबात धरलं तर सगळाच वाण आहे त्याहून चांगला दिसेल, आणि शेतकऱ्याला सांगितलेला आकडा खोटा ठरेल. म्हणून कडेची ओळ सोडायची. मी ती प्रामाणिकपणे सोडत गेले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आन् कडंचीच सोडून देता? बाई, आपली अंबाडी तर समदी कडंलाच असती."

त्या वाक्यापाशी मी आजही बसते. तुम्हीही माझ्याबरोबर थोडा वेळ बसा.

आपल्या शेतात अंबाडीला मधला वाफा कधी मिळाला? ज्वारीच्या, बाजरीच्या, कपाशीच्या धुऱ्यावर एखादी ओळ, किंवा मुख्य पिकाच्या इतक्या तासांमागे एक तास. इरवाड म्हणत असल्या पिकाला. तिच्यासाठी खत नाही, वेगळी खुरपणी नाही, हंगामाच्या हिशेबात तिचं नाव नाही. पेरताना बियाणं वेगळ्या फडक्यात बांधलेलं असायचं आणि बहुधा ते बाईच्या कमरेला असायचं. गाईगुरांना पिकात शिरायला अडसर व्हावा म्हणून ती कडेला, आणि येताजाता हाताशी यावी म्हणूनही कडेलाच. मग विचार करा, जे झाड जन्मभर कडेला उभं राहणार आहे, त्याचा निवाडा मधल्या झाडांवरून होतो. हे चूक आहे असं मी म्हणत नाही. ज्याला एकरभर अंबाडी लावायची आहे त्याला मधल्या झाडांचाच आकडा हवा. पण आजीचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा?

मधलं झाड आणि कडेचं झाड शेजारी शेजारी डोळ्यांपुढं आणा. दाटीत वाढलेलं झाड उजेडासाठी सरळ वर धावतं. त्याला फांदी फुटत नाही, पानं शेंड्याकडंच राहतात, दांडा छडीसारखा. वाखाला हेच हवं असतं. वाख म्हणजे सालीतून निघालेला, धुऊन वाळवलेला धागा, आणि फांदी जिथं फुटते तिथं त्या धाग्याला खोट येते. ओढताना तो तिथंच तुटतो. उलट कडेचं झाड ऐसपैस फांद्या काढतं. पानं जास्त, बोंडं जास्त, बी जास्त. पैदासकाराच्या वहीत ज्या गुणापुढं फुली पडते तोच गुण स्वयंपाकघरात भरून पावतो.

हे भांडण वहीत नव्हतं तेव्हाही घरात होतंच. आजी श्रावणात शेंडे खुडायची. शेंडा खुडला की खालून दोन-तीन फुटवे येतात आणि भाजी महिनाभर पुरते. उकडून, पाणी टाकून, कण्या आणि भरपूर लसूण घालून ती घोटायची, वर तेलाची फोडणी. आजोबांना मात्र वाख हवा असायचा, लांब, बिनगाठीचा. "शेंडे खुडू नको म्हणलं ना," असं ते दरवर्षी म्हणायचे. आजी म्हणायची, "तुमच्या बैलाला दावं पाहिजे, माझ्या लेकरांना कोरड्यास नको का?" शेवटी त्यांचं ठरलं. वाटेकडची झाडं आजीची, नाल्याकडची आजोबांची. एकाच बियाण्याची दोन टोकं, दोन कामांना. वाणाचं इतकं नेमकं मूल्यमापन मी नंतर फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

आता तुमच्या झाडाकडं परत या. त्याला दिवस मोजायला लावू या.

पेरून पंचेचाळीस-पन्नास दिवस झालेत असं समजा. दांडा अजून कोवळा, नखानं दाबला तर रस येतो. आत्ता कापलं तर तो चारा आहे, आणि साधासुधा नाही. अंबाडीच्या कोवळ्या पाल्यात प्रथिनं भरपूर असतात. निरनिराळ्या चाचण्यांत पानांतली प्रथिनं शेकड्याला चौदापासून चौतीसपर्यंत भरलेली आहेत, दांड्यातली दोनपासून बारापर्यंत, आणि अख्खं झाड धरलं तर सहापासून तेवीसपर्यंत. आकड्यांत एवढी तफावत का, असं वाटेल. वाण वेगळा, जमीन वेगळी, पाणी वेगळं, पण सगळ्यांत मोठा फरक पाडतो तो दिवस. त्याच झाडाला आणखी महिनाभर उभं ठेवा. खालची पानं पिवळी होऊन गळायला लागतात. दांडा उंच होतो, जाड होतो, आत लाकूड धरायला लागतो. वजन वाढतं, म्हणून तराजू खूश होतो. पण त्या वजनात पानाचा वाटा रोज थोडा कमी होत जातो आणि काडीचा वाढत जातो.

ह्या बाबतीत शेळी माझ्या वहीपेक्षा सरस होती. प्रक्षेत्राच्या कुंपणापलीकडं एक म्हातारी शेळ्या चारायची. बाजूला टाकलेल्या कडेच्या ओळी आम्ही तिला देऊन टाकायचो. कोवळी झाडं असली की शेळ्या शेंडा, पानं, वरचा वीतभर दांडा, सगळं फस्त करायच्या. पुढं पुढं फक्त पानं ओरबाडायच्या. शेवटी शेवटी वरची चार पानं घेऊन तोंड फिरवायच्या. आमच्या तक्त्यात तेव्हा उत्पादन चढत चाललेलं होतं. शेळीनं काय सोडलं ते उचलून तोलावं असं आम्हा कुणालाच सुचलं नाही. आज ती चाचणी पुन्हा करायची संधी मिळाली तर मी दोन्ही तोलीन, घातलेलं आणि उरलेलं.

इथं जरा थांबून एक गोष्ट मनात पुरती उतरू द्या. झाड पानातलं बळ सालीत नेतंय, सालीतलं काडीत. आज जे दुधात गेलं असतं ते उद्या दोरात जाईल. दोन्ही पूर्ण मिळणार नाहीत. म्हणून चारा आणि धागा दोन्हींसाठी वाण निवडायचा म्हणतो तेव्हा आपण खरं तर एक तारीख निवडत असतो. आणि काही वाण त्या तारखेच्या बाबतीत उदार असतात. खुंटावर चार डोळे ठेवून कापले तर ते पुन्हा फुटतात. पहिली कापणी जनावराला द्यावी, नंतरच्या फुटव्यांवर बी धरावं. दांडा तेवढा सरळ राहत नाही, वाख बेताचाच निघतो. काही वाण मात्र एकदा कापले की रुसून बसतात. हा गुण एका मोजणीत दिसत नाही. त्यासाठी कापलेल्या वाफ्याकडं पुन्हा जावं लागतं, आणि कापलेल्या वाफ्याकडं सहसा कुणी जात नाही.

झाडाजवळ एक घड्याळही आहे. ते मातीत नाही, आभाळात आहे. अंबाडीला दिवसाची लांबी कळते. उजेड साडेबारा तासांच्या आत आला की तिच्या मनात फुलायचं येतं. आपल्याकडं हे भाद्रपदाच्या आसपास घडतं. मृगात पेरलेली अंबाडी तोवर डोक्यावर गेलेली असते, उशिरा पेरलेली जेमतेम छातीला. पण फुलायला दोघी थोड्याच दिवसांच्या फरकानं लागतात, आणि फुलांचं मनावर घेतलं की उंचीचा हट्ट संपला. म्हणून जुनी माणसं म्हणायची की अंबाडीला मृग साधला तरच दोर. आता हेच झाड विषुववृत्ताजवळ नेऊन लावा. तिथं दिवस बारमाही बारा तासांच्या आगेमागे. बिचारी अंबाडी गुडघ्याएवढी असतानाच फुलायला लागते. उष्ण कटिबंधातल्या शेतीत वाण तपासताना पहिला प्रश्न म्हणून हाच विचारावा लागतो, की तुझं घड्याळ कुठल्या अक्षांशावर लावलेलं आहे? उशिरा फुलणारे वाण विषुववृत्ताजवळही उंच होतात. इथं बाद झालेला वाण तिथं अव्वल ठरू शकतो आणि तिथला इथं बाद. वाण चांगला किंवा वाईट असतो असं म्हणायची माझी सवय त्या वर्षी सुटली.

जगानं ह्या झाडाकडं वळून पाहिलं ते अडचणीत सापडल्यावर. दुसऱ्या महायुद्धात फिलिपाइन्स जपानच्या हाती गेलं आणि अमेरिकेला जहाजांच्या दोरांसाठी मिळणारा अबाकाचा धागा बंद झाला. मग केनाफची आठवण झाली. क्यूबात लागवड झाली, करपा रोगानं ती झोडपली, आणि पुढं फ्लोरिडात रोगाला टिकणारे वाण निवडले गेले. एव्हरग्लेड्स ४१ आणि एव्हरग्लेड्स ७१ ही त्यांची नावं अजून तक्त्यांत भेटतात. पहिल्याची पानं अखंड, दुसऱ्याची पंजासारखी. नंतर कागदासाठी लाकडाला पर्याय शोधताना अमेरिकेच्याच कृषी खात्यानं पाचशेहून अधिक वनस्पती तपासल्या, त्यांत केनाफ सगळ्यांत पुढं आलं. मलेशियात तंबाखू सोडणाऱ्या शेतकऱ्यांना हे पीक देण्यात आलं. तिथं व्ही ३६ हा वाण रुळला, आणि २०१० मध्ये केनाफ व तंबाखू असं जोडनावाचं राष्ट्रीय मंडळच उभं राहिलं. आपल्याकडं पश्चिम बंगालमधल्या बराकपूरची ताग व तत्सम धाग्यांची केंद्रीय संस्था आणि आंध्रातलं श्रीकाकुळम जिल्ह्यातलं आमदालवलसा केंद्र ही ह्या कामाची मोठी ठिकाणं. व्यापारात अंबाडीच्या दोन्ही बहिणींना मेस्ता म्हणतात. केनाफातला एचसी ५८३ आणि लाल अंबाडीच्या बाजूचा एएमव्ही १ ही नावं बियाण्याच्या पिशवीवर दिसली तर आता तुम्हाला कळेल की ती दोन वेगळ्या झाडांची आहेत.

पण मला तुम्हाला इतक्या लांब फार वेळ ठेवायचं नाही. नाल्यावर चला.

निम्मी झाडं फुलली आहेत. फूल फिकट पिवळं, पोटात गडद लालसर डोळा. पहाटे उमलतं, दुपारी मिटतं, एकाच दिवसाचं. धाग्यासाठी कापायची हीच वेळ. पेंढ्या बांधून दोन-चार दिवस शेतातच उभ्या ठेवतात, पानं तिथंच गळून मातीला मिळतात. मग पेंढ्या पाण्यात. वर दगड, म्हणजे त्या बुडून राहतील. पंधरा-वीस दिवस काही करायचं नसतं. पाण्यातले जिवाणू सालीतला पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ खात राहतात, तो खाल्ला गेला की धागे एकमेकांना सोडतात. त्या दिवसांत नाल्याला येणारा वास एकदा नाकात गेला की जन्मभर ओळखू येतो. पाणी काळं पडतं, मासे मरतात. हे लपवण्यात अर्थ नाही. बराकपूरच्या संस्थेनं क्रायजॅफ सोना नावाचं जिवाणूंचं मिश्रण केलंय, त्यानं सडण्याचे दिवस कमी होतात आणि धागाही उजळ निघतो. ते नाल्यानाल्यापर्यंत पोचायला हवं.

आता त्या पाण्यात एक माणूस उतरलेला आहे. कमरेएवढ्या पाण्यात तो उभा आहे. पेंढीतली एक काडी घेऊन अंगठ्यानं बुंध्याशी दाबतो. साल घसरली तर तयार. एक दिवस अलीकडं काढलं तर सालपट धाग्याला चिकटून राहतं, चार दिवस पलीकडं गेलं तर धागाच कुजतो. तो काड्या मोडतो, झटका देतो, पांढऱ्या काड्या निसटून पाण्यावर तरंगतात आणि हातात वाखाचा झुपका राहतो. शंभर किलो ओल्या काड्यांतून पाच किलोच्या आसपास वाख. बाकीच्या काड्या वाळवून चुलीला. तो झुपका तो धुतो, पिळतो, दगडावर पसरतो.

आमच्या गावात हा माणूस मातंग समाजाचा होता. दोर वळणं, नाडे, कासरे, दावी, शिंकी करणं हे काम त्यांच्याकडं जातीनं आलेलं. पोळ्याला गावातल्या प्रत्येक बैलाच्या गळ्यात नवा दोर त्यांच्या हातचा असायचा, आणि त्याबदल्यात सुगीला खळ्यावरून मिळेल तेवढं धान्य. घरं गावाच्या कडेला. दोर सगळ्या गावाला हवा होता, सडक्या पाण्याचा वास मात्र एकाच वस्तीच्या वाट्याला होता. कडेच्या ओळीचा विचार करताना मला ती वस्ती आठवल्यावाचून राहत नाही, आणि ह्या आठवणीत गोडवा कालवायची माझी इच्छा नाही.

त्या वस्तीतले एक मामा दोर वळायचे. लहानपणी मी त्यांच्या अंगणात तासन् तास बसायची. एकदा त्यांनी मला दोन झुपके दिले, डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, "सांग, कोणता नाल्याकडचा?" मला सांगता येईना. त्यांनी माझी बोटं धरून एकातून फिरवली. "हे बघ, मधी मधी खडा लागतोय का? ही शेंडा खुडलेली. ही तुझ्या आजीची." मग दुसरा झुपका. बोटं अडली नाहीत, बुंध्याकडं मात्र जरा राठ लागलं. "ही उशिरा कापली तुझ्या आजोबानं. आठ दिवस आधी कापायला पायजे होती."

तुम्हीही डोळे मिटा. बोटांतून वाख जाऊ द्या. कुठं खडा, कुठं राठ, कुठं रेशमासारखं. त्या बोटांना वाण कळत होता, पेरणीची तारीख कळत होती, खुडलेला शेंडा कळत होता, पाण्यात किती दिवस गेले ते कळत होतं. धाग्याची ताकद आणि बारीकपणा मोजायला प्रयोगशाळेत यंत्रं आहेत, ती अचूक आहेत आणि ती हवीतच. पण पिढ्यान् पिढ्या ज्यांनी हे मोजलं त्यांना कुणी विचारलं नाही, की मामा, पुढच्या वर्षी कोणतं बी ठेवावं? विचारलं असतं तर मला वाटतं आजच्या वाणांच्या यादीत आणखी काही नावं दिसली असती.

नंतर नायलॉन आलं. ते स्वस्त होतं, भिजून कुजत नव्हतं, आणि पाण्यात कुणाला उतरावं लागत नव्हतं. मामांच्या मुलांनी तो धंदा सोडला ह्याचं मला वाईट वाटत नाही. त्यांनी सोडायलाच हवा होता. धुऱ्यावरची अंबाडी मात्र त्याच्याबरोबर विरळ होत गेली. सोयाबीन आलं, तणनाशक आलं, कडेच्या ओळीला जागा उरली नाही. आज अंबाडी जिथं उरली आहे तिथं ती बहुतेक भाजीसाठी. म्हणजे शेवटी वाटेकडची झाडं टिकली, नाल्याकडची गेली.

आता पुन्हा आपल्या झाडाशी या. ते आता श्रावणातलं राहिलेलं नाही. कार्तिक लागलाय. पानं झडली आहेत, दांडा तपकिरी झालाय, बोंडं वाळून खुळखुळतात. कापणी झाली, जनावरं धुऱ्यापर्यंत मोकळी फिरतात, आणि तरी हे झाड उभं आहे, कारण भाद्रपदातच कुणीतरी त्याला लाल चिंधी बांधून ठेवली होती. चिंधी बांधलेल्या झाडाचा शेंडा खुडायचा नाही, ते कापायचं नाही, शेळीला लागू द्यायचं नाही. ते बियाण्याचं. अंबाडी बहुतांशी आपल्याच परागावर फळते, म्हणून ज्या झाडाचं बी ठेवाल जवळपास तसंच झाड पुढच्या मृगात उगवतं. चिंधीला एवढी किंमत असते.

कोणत्या झाडाला चिंधी बांधायची, हे आजी कसं ठरवायची ते मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "एकदा जाऊन ठरत नसतंय. पाऊस उघडला की जायाचं, ऊन तापलं की जायाचं, शेळ्या येऊन गेल्या की जायाचं. मंग ठरतंय." मग ती थोडी थांबून म्हणाली, "आन् एकच बांधू नाही. एक माझ्या मनाचं, एक त्यांच्या मनाचं."

एक बोंड हातात घ्या. जपून, केस बोचतात. अंगठ्यानं दाबा, पाच कप्पे उघडतील. बिया राखाडी, तिकोनी, मुगापेक्षा जराशा लहान. तळहातावर ओता. एका किलोत ह्या पस्तीस-चाळीस हजार मावतात, तुमच्या हातात वीसेक असतील. दुसरं झाड चार पावलांवर, नाल्याच्या बाजूला, सरळ, बिनफांदीचं. त्यालाही चिंधी आहे, पण ती पांढरी. त्याचं बोंड वेगळ्या हातात घ्या, आणि दोन्ही बिया वेगळ्या फडक्यांत बांधा.